लस टोचण्याचा निर्णय कोण करतो?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा बंद गिरण्यांच्या जागा यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा एका चालकांनी विचारले, ‘‘लहान मुलांना लस टोचावी की नाही, हा विषय डॉक्टरांचा. युनियनवाल्याचे त्यात काय काम?’’ प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो. लस शरीरात काय करते हे डॉक्टरांनीच सांगावे. पण ती मुलाला टोचून घ्यायची की नाही, हे दवाखान्यात ठरत नाही. ते घरात ठरते. आपल्या सोलापुरात ते पूर्व भागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ठरते. त्या खोलीच्या एका कोपऱ्यात बिडीचे सूप असते, दुसऱ्या कोपऱ्यात पाळणा असतो आणि भिंतीपलीकडे यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो. त्या खोल्यांतून आमची तीस वर्षे गेली. वर्गणीची पावती फाडताना आणि मोर्च्याचा निरोप देताना आम्ही पुष्कळदा हा निर्णय होताना पाहिला आहे. आम्ही शाळा थोडी शिकलो. उरलेले वाचनालयाच्या बाकावर आणि माणसांच्या ओट्यावर शिकलो. त्या शिदोरीवर आज बोलतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्या मुलांना लस मिळत नाही, ती सगळी ‘नकार देणाऱ्या’ आईबापांची असतात, असे शहाण्या लोकांना वाटते. तसे नाही. पुष्कळ मुले नुसती सुटून जातात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. ऊसतोडीची टोळी आज या फडात, महिन्याने त्या फडात. वीटभट्टीचे तेच. लशीचे कार्ड गावाकडच्या पेटीत, मूल पाचटाच्या खोपीत. ह्या आईने नकार कधी दिलाच नाही. तिला कोणी विचारलेच नाही. कोरोनाच्या साथीत तर हा प्रकार देशभर वाढला. २०२१ साली भारतात सुमारे २७ लाख बालकांना त्रिगुणी लशीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. पुढल्या वर्षी तो आकडा ११ लाखांवर आला. म्हणजे यंत्रणा दारापर्यंत पोचली की बहुसंख्य दारे उघडतात. आपल्या महाराष्ट्रात सर्व मूळ लसी मिळालेली बालके २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांत ५६ होती. २०१९–२१ च्या पाहणीत ती ७३ झाली. सतरा पावले पुढे आलो. राहिलेल्या सत्तावीसांत सुटलेलेही आहेत आणि कचरणारेही आहेत. आज आम्ही मुख्यतः कचरणाऱ्यांविषयी बोलणार आहोत, कारण त्यांना शिव्या पुष्कळ मिळतात आणि त्यांचे ऐकून घेणारे थोडे असतात.

‘अडाणी लोक, दुसरे काय!’ हे वाक्य आम्ही या बाबतीत फार वेळा ऐकले आहे. आता जरा मागे जाऊन पाहू, हा अडाणीपणा कोठून आला.

आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला टोचली गेली. तेथून पुढे कित्येक दशके ही लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडात घालीत, त्याच्या दंडातून तिसऱ्याच्या. आपल्या लेकराच्या फोडाला पुन्हा सुई लावू देण्यास आई तयार होत नसे. परक्या मुलाची घाण आपल्या मुलाच्या अंगात नको, असेही तिला वाटे. त्यात जातीचा विटाळ होता हे खरे. पण एकाचा रोग दुसऱ्याच्या अंगात जाण्याची भीतीही होती, आणि ती भीती खोटी नव्हती. या पद्धतीतून उपदंशासारखे रोग पसरल्याची उदाहरणे युरोपातही घडली होती. पुढे वासराच्या अंगावर तयार केलेली लस आली आणि ही भीती ओसरली. खेडोपाडी ‘देवी डॉक्टर’ आला की बाया मुलांना कणगीमागे लपवीत. तरीही लस घरोघर पोचली, आणि २४ मे १९७५ रोजी आसामात या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी देवी जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. ज्या देवीला नवस बोलायचे तिचे देऊळ राहिले, रोग गेला. मनुष्यजातीने एका रोगावर मिळविलेला याहून मोठा विजय आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण प्लेगचे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आधी आपल्या दंडात सुई आणि मग लोकांच्या, ही त्यांची रीत होती. त्याच वर्षी पुण्यात सरकारने सोजीर घरात घुसविले. बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, रोग्यांची ओढाओढ. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे आपण जाणताच. एकाच रोगावर, एकाच वर्षी, एकाच इलाख्यात दोन रीती! आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. एक बाटली दूषित झाली होती. दोष हाफकिन यांच्या माथी आला, आणि तो उतरायला १९०७ साल उजाडले. लस चांगली, शास्त्रज्ञ प्रामाणिक, आणि तरीही एका बाटलीपायी १९ घरे बसली. अशी बातमी गावोगाव जाते, आणि नंतरचा खुलासा मात्र सरकारी दप्तरात पडून राहतो.

तिसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. १९७६ च्या आरंभी, आणीबाणीत, बार्शीत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे लक्ष्य ठरले, आणि ते पुरे करण्यासाठी गावात आलेल्या माणसांना गाडीत घालून शस्त्रक्रियेला नेल्याच्या हकीकती त्या काळी छापून आल्या. सुई आणि सरकार एकत्र दिसली की वंश खुंटवतील, ही धास्ती त्या वर्षाने देशभर पेरली. पुढे पल्स पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात नेमकी हीच अफवा उठली, की थेंबांनी मुले पुढे वांझ होतात. तेथले लोक आणखी एक प्रश्न विचारीत: ‘‘आमच्या गल्लीत गटार नाही, तापाला गोळी मिळत नाही; मग या दोन थेंबांसाठीच सरकार वर्षातून इतक्या वेळा दारात का येते?’’ हा प्रश्न अडाण्याचा नाही. आमच्या सभासदानेही तो तसाच विचारला असता. गल्लीतल्याच बाया कामाला लागल्या, मौलवी आणि शिक्षक पुढे आले, थेंबांबरोबर इतर औषधेही येऊ लागली, तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण निघाला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त ठरला.

या तिन्ही उदाहरणांतून आम्ही एवढेच घेतो की, अफवेला जमीन लागते. ती जमीन बहुधा कोणीतरी आधी नांगरून ठेवलेली असते.

आता आजच्या घरात येऊ. मूल जन्मल्यापासून दोन वर्षांच्या आत, जन्मवेळची लस सोडून, निदान पाच खेपा होतात: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना आणि सोळाव्या महिन्यानंतरची. लस सरकारी केंद्रात फुकट आहे, हे खरे. पण बिडी वळणाऱ्या बाईला ती फुकट पडत नाही. तिची मजुरी हजारावर. सकाळ केंद्रावर गेली की त्या दिवसाचा माल अपुरा राहतो. रात्री मूल तापाने फणफणले की दुसऱ्या दिवशीचाही राहतो. घाईघाईत वळलेल्या बिड्या छाटीत जातात, ते नुकसान वेगळे. यंत्रमागावरच्या बापाची पाळी बारा तासांची; तो मूल घेऊन बसत नाही. म्हणजे पाच खेपांचा खर्च एकाच माणसाच्या अंगावर पडतो, आणि ते माणूस बहुधा घरातली सर्वांत धाकटी सून असते.

याहून मोठा खर्च दोषाचा आहे. हे आम्हांस समजायला पुष्कळ वर्षे लागली, पण एकदा समजल्यावर सगळे कोडे सुटले. समजा, लस टोचली आणि रात्री मुलाला ताप भरला. घर काय म्हणते? ‘‘चांगले खेळते लेकरू, तूच नेलेस सुई टोचायला!’’ उलट लस टोचली नाही आणि सहा महिन्यांनी गोवर निघाला, तर घर काय म्हणते? ‘‘आई आली अंगावर, निघून जाईल.’’ दारात कडुलिंबाचा डहाळा लागतो, शेजारणी येऊन बसतात, सगळी गल्ली वाटेकरी होते. केलेल्या कामाचा दोष आईचा, आणि न केलेल्या कामाचा दोष नशिबाचा! असा न्याय ज्या घरात चालतो तेथे ती पोर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणते, यात नवल ते काय? ती लशीला भीत नाही. एकटीने जोखीम उचलायला भिते.

२०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लशीची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले, शाळाशाळांतून टोचणी. मोबाइलवर नाना तऱ्हेचे निरोप फिरू लागले, आणि आमच्या काही सभासद बायांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवले. आम्ही एका घरी गेलो. बाई तेलुगूत बोलत होती, तिची मोठी मुलगी मराठीत सांगत होती. आम्हांस वाटले, हिने निरोप वाचून भीती घेतली. तिने निरोप वाचलाच नव्हता. थोरल्या मुलाच्या वेळी एका केंद्रावर मांडीत सुई दिली; तेथे गाठ झाली, ती पिकली. ती मूल घेऊन परत गेली तर ‘‘असे होतेच’’ एवढे उत्तर मिळाले. पाच दिवस काम बुडाले, खाजगी डॉक्टरला पैसे गेले, सासूने महिनाभर ऐकविले. ‘‘तेव्हा कोणी आले नाही,’’ ती म्हणाली, ‘‘आता का आलात?’’ या प्रश्नाला पत्रकात उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, की ताप आला, गाठ आली, तर रात्री आमच्या कार्यालयाच्या माणसाला उठवा, तो तुम्हांला सरकारी दवाखान्यात घेऊन जाईल. गल्लीतल्या आशाताईंनी आपला नंबर भिंतीवर खडूने लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणून सांगितले. त्या खरोखरच आल्या. धाकट्या दोघांनाही लस मिळाली. आम्ही तेथे विज्ञान सांगितले नाही. जोखमीत वाटा उचलला.

पण विज्ञान सांगायचे नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. व्यवहारी माणूस दोन्ही पारड्यांत काय आहे ते विचारतो, आणि त्याला खरे वजन सांगितले पाहिजे. लशीच्या पारड्यात काय? पाचगुणी किंवा त्रिगुणी लशीनंतर ताप येतो, मांडी दुखते, मूल किरकिरते; हे नेहमीचे आहे आणि एकदोन दिवसांत जाते. क्वचित गाठ होते. तापात क्वचित झटका येतो. अंगावर एकदम गंभीर प्रतिक्रिया उठणे हे दहा लाख टोचण्यांत एखाद्या वेळी घडते, आणि म्हणून टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायचे असते. दुसऱ्या पारड्यात काय? ज्यांना संरक्षण नाही अशा वस्तीत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. पुरळ गेले तरी मागे न्युमोनिया आणि हगवण येते. कुपोषित मुलाला ती झेपत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवर पसरला, मुले दगावली, आणि शेवटी काही भागांत नऊ महिने पुरे होण्याआधीच, सहाव्या महिन्यापासून जादा डोस द्यावा लागला. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही; तो गरोदर बाईला झाला तर पोटातले मूल बहिरे, मोतिबिंदूचे किंवा हृदयाच्या दोषाचे जन्मू शकते. घटसर्पाने घसा बंद होतो. आता तोलून पाहा. ही दोन पारडी सारखी नाहीत.

मग तोलताना चूक का होते? कारण दुसरे पारडे आज डोळ्यांना दिसत नाही. आमच्या दंडावर देवीच्या लशीचे व्रण आहेत. आमच्या मुलांच्या दंडावर ते नाहीत, कारण रोगच उरला नाही. तरुण आईने देवीचा तोंडावळा पाहिलेला नाही, घटसर्पाने गुदमरणारे मूल पाहिलेले नाही. तिने पाहिला तो फक्त लशीचा ताप. लशीने आपले काम इतके चोख केले, की आपण कशापासून वाचलो हे लोक विसरले. म्हणून आमचा अनुभव असा की, पोस्टरपेक्षा घरातली म्हातारी उपयोगी पडते. जिचा भाऊ लहानपणी घटसर्पाने गेला त्या आजीला बोलते करा. ती सुनेला जे सांगेल ते कोणा अधिकाऱ्याच्या भाषणाने होणार नाही.

आणखी एक शंका वारंवार येते. ‘‘लस घेतलेल्यांनाही गोवर होतो, मग घ्यायची कशाला?’’ याचा हिशेब पाटीवर मांडू. शाळेत शंभर मुले. ९५ जणांनी गोवराचे दोन्ही डोस घेतले, पाचांनी घेतले नाहीत. दोन डोसांनी शंभरांत सुमारे ९५ जणांना संरक्षण मिळते. म्हणजे घेतलेल्या ९५ पैकी चारपाच मुले कच्ची राहिली. रोग शिरला आणि कच्ची सगळी आजारी पडली, तर रोगी दहा; त्यांत निम्मे लस घेतलेले. निरोप फिरतो: ‘निम्मे रोगी लस घेतलेले!’ खोटे नाही, पण अर्धे आहे. घेतलेल्या ९५ पैकी पाच पडले, न घेतलेल्या पाचांपैकी पाचही पडले. कारखानदाराचा ताळेबंद वाचायला शिकलेल्या कामगाराला हा हिशेब अवघड नाही.

या हिशेबातच दुसरी गोष्ट दडलेली आहे. ९५ जणांना संरक्षण असेल तर गोवराला पसरायला वाट मिळत नाही, आणि उरलेले पाचही वाचतात. त्या पाचांत कोण असते? चार महिन्यांचे तान्हे, ज्याचे लशीचे वय झाले नाही. कर्करोगाचे उपचार चाललेले पोर, ज्याला ही लस देता येत नाही. बाकीच्यांच्या दंडांनी त्यांचे रक्षण होते. आम्हां युनियनवाल्यांना हे नवे नाही. पगारवाढ झाली की ती वर्गणी न देणाऱ्यालाही मिळते. शंभरांत दोघे अशक्त, आजारी असले तर आम्ही त्यांचे ओझे आनंदाने वाहतो. पण धडधाकट वीस जण जर म्हणू लागले की ‘बाकीचे लढताहेत, आम्ही कशाला?’, तर संप मोडतो, आणि मग त्या दोघा अशक्तांचेच आधी मरण होते. लस हे नुसते आपल्या मुलाचे कवच नाही. ती गल्लीची वर्गणी आहे.

आणि येथे समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या शिकलेल्या मंडळींना दोन शब्द. कचरणे हा गरिबांचाच गुण आहे, असे मानू नका. १९९८ साली इंग्लंडमध्ये डॉ. वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविला. ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाने तो निबंध २०१० साली मागे घेतला, आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. असा संबंध आढळला नाही. तरी ती बातमी अजून बंगल्यांतून फिरते. आपल्याच देशात १९५५ साली राजाजींसारख्या विद्वान माणसाने बी.सी.जी. लशीला विरोध केला होता. मोठ्या फुप्फुसाच्या क्षयावर ही लस फारशी चालत नाही, असे पुढे चेंगलपट्टूच्या प्रयोगात दिसले. पण बालकांच्या मेंदूज्वरासारख्या घातक क्षयापासून ती वाचविते, म्हणून आजही जन्मताच ती देतात. शंका घेणे हा गुन्हा नाही. शंकेचे उत्तर मिळाल्यावरही तीच शंका पुढे ढकलीत राहणे, हे मात्र शिकलेल्या माणसाला शोभत नाही.

मग सक्ती का करू नये? असा सवाल येथे येणारच. आमचे मत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोरोनाच्या लशीसंबंधी निकाल देताना, कोणाच्याही शरीरावर लशीची जबरदस्ती करता येत नाही, मात्र लोकांच्या आरोग्यासाठी शासनाला वाजवी बंधने घालता येतात, असे म्हटले. आणि लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांपुढे ठेवण्यासही सांगितले. आम्हांस त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. सक्तीने एक मूल टोचले जाते आणि दहा कणगीमागे लपतात, हे आपण पाहिले. ज्याला विश्वास हवा त्याने आपला हिशेब उघडा ठेवावा.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांच्या तोंडात हात धुण्याचे सॅनिटायझर गेले. मुलांना दवाखान्यात ठेवावे लागले. सुदैवाने ती वाचली. संबंधितांवर कारवाई झाली. अशा प्रसंगी ‘गाजावाजा करू नका, लोक लस घेणार नाहीत’ असा सल्ला देणारे असतात. आम्ही उलट म्हणतो. चूक झाली ती त्याच दिवशी गावाला सांगा, काय केले ते सांगा, पुढे काय काळजी घेणार ते सांगा. लोक चूक माफ करतात. लपविलेले माफ करीत नाहीत. गिरणीत अपघात झाला आणि मालकाने तो दडपला, तर कामगार त्या यंत्रावर पुन्हा उभा राहत नाही.

आता करायचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. नर्सबाईंनी टोचताना चार गोष्टी सांगायच्या असतात: ही लस कोणत्या रोगाची, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करावे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवा. ह्या चार गोष्टी आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत सांगितल्या गेल्या पाहिजेत. टोचलेल्या घरी दुसऱ्या सकाळी कोणीतरी डोकावले पाहिजे. हे काम आशाताई करतात. त्या पगारी नोकर नाहीत, मोबदल्यावर राबणाऱ्या स्वयंसेविका आहेत. एका बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पुरे केल्याबद्दल शंभर रुपये, असा केंद्राचा दर आहे. २०२१ साली, २०२३ साली आणि २०२४ साली त्या संपावर गेल्या, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. ज्या बाईच्या शब्दावर आई आपले मूल पुढे करते, त्या बाईच्या शब्दाची किंमत आपण इतकी स्वस्त ठेवली आहे!

बिडी कारखानदार आणि यंत्रमागधारक येथे बसले असतील, त्यांना विनंती: लशीच्या दिवशी माल कमी आला तर दुसऱ्या दिवशीची पाने-तंबाखू रोखू नका, बापाने अर्धी पाळी मागितली तर द्या. बापांना विनंती नाही, सांगणे आहे: मूल तुमचेही आहे. लशीच्या रात्री ते तुमच्या खांद्यावर असू द्या, आणि सासू बोलू लागली तर ‘मीच ने म्हणालो होतो’ एवढे चार शब्द बोला. या शब्दांनी जितकी मुले वाचतील तितकी आमच्या भाषणाने वाचणार नाहीत.

याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पाच डॉक्टर गेले, चार परतले. कोटणीस तेथेच राहिले, रोग्यांमध्ये राबले आणि १९४२ साली तेथेच वारले. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या लोकांनी त्यांच्या सुरीपुढे अंग टाकले, कारण सुरी चालवून हा माणूस निघून जात नाही, हे त्यांनी पाहिले होते. विश्वास मिळविण्याची याहून वेगळी युक्ती आम्हांस माहीत नाही. ती आपल्या गावची आहे. ती आपण आपल्या गल्लीत वापरावी, एवढेच मागणे.